शेतात कळप उतरतो तेव्हा यजमान कोण असतो?

बंगळुरू शहर मागे टाकून जानेवारीत कनकपुरा, मागडी किंवा दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला गेलात, तर नाचणीची कापणी झालेली दिसेल. नाचणीच्या ओळींमध्ये घेतलेला पावटाही बऱ्याच ठिकाणी तोडून झालेला असतो. शेत रिकामे असते. अशा एखाद्या संध्याकाळी बांधावर एक माणूस येऊन उभा राहतो. खांद्यावर कांबळे, हातात काठी, मागे दीड-दोनशे मेंढ्या. तो विचारतो, "आज रात्री इथे मेंढ्या बसवू का?"

समजा, ते शेत तुमचे आहे. तुम्ही काय उत्तर द्याल?

लगेच 'हो' म्हणू नका. आधी मनात काय उमटले ते पाहा. "हा कोण? कुठला? याचे काय घ्यायचे असेल? विहिरीवरची मोटर उचलून नेली तर? कडेची झाडे मेंढ्यांनी खाल्ली तर?" असेच काहीसे आले ना? त्यात लाजण्यासारखे काही नाही. मन आधी दार लावते आणि मग खिडकीतून पाहते. ही मनाची सवय आहे. आज आपण या सवयीकडेच जरा नीट पाहू या.

देणारा कोण, घेणारा कोण?

ज्यांचे बालपण गावात गेले, त्यांना हे नवीन नाही. महाराष्ट्रात याला 'शेतात मेंढ्या बसवणे' म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास फलटण, माण, खटाव, पुरंदर, पारनेर या दुष्काळी भागातले धनगर बांधव आपले वाडे घेऊन निघतात. वाडा म्हणजे बरोबर चालणाऱ्या काही कुटुंबांचा मेळ. घोड्यांच्या पाठीवर संसार बांधलेला असतो. भांडी, धान्य, वाघूर, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरूही. पुरुष कळप चारत एका वाटेने जातात. बायका घोडी घेऊन दुसऱ्या वाटेने पुढे जातात आणि मुक्कामाच्या जागी चूल मांडतात. त्यातले कित्येक घाट उतरून कोकणात जातात, कारण तिथे भाताची कापणी झालेली असते. पाऊस जवळ आला की परत घाटावर येतात. कोकणचा मुसळधार पाऊस मेंढीला सोसत नाही.

कर्नाटकात हेच काम कुरुब समाज करतो. आपण घोंगडी म्हणतो, तिला ते कंबळी म्हणतात. आपण ज्याला खंडोबा म्हणतो, त्याला ते मैलार म्हणून हाक मारतात. भाषा बदलते, पण मेंढी तीच, काठी तीच आणि संध्याकाळी विचारायचा प्रश्नही तोच.

आता व्यवहार कसा असतो ते पाहा. मेंढपाळाला चारा आणि रात्रीची जागा हवी असते. शेतकऱ्याला खत हवे असते. दिवसभर मेंढ्या कापणीनंतरचे बुडखे, गळलेला पाला आणि तण खातात. रात्री वाघूर लावून, म्हणजे जाळीचे कुंपण करून, त्यांना शेताच्या एका तुकड्यात बसवतात. दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरकते. असे करत करत सगळे शेत खतावते. सकाळी शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो, आता बऱ्याच ठिकाणी रोख पैसेही देतो.

यात यजमान कोण आणि पाहुणा कोण? शेतकरी म्हणतो, "मी जागा दिली." मेंढपाळ म्हणतो, "मी खत दिले." मेंढीला बोलता आले असते, तर ती म्हणाली असती, "तुम्ही दोघे भांडत बसा. चालले मी, खाल्ले मी आणि दिलेही मीच." आणि जमीन? ती तर काहीच म्हणत नाही. सगळ्यांचे मुकाट घेते आणि पुढच्या पावसात सगळ्यांना परत देते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक चक्र सांगितले आहे. अन्नापासून प्राणी होतात, पावसापासून अन्न होते, यज्ञामुळे पाऊस येतो आणि यज्ञ कर्मातून उभा राहतो. हे चक्र जो पुढे फिरवत नाही, नुसतेच घेत राहतो, त्याचे जगणे वाया गेले, असे ते म्हणतात. आपण यज्ञ म्हटले की तूप, समिधा आणि मंत्रच आठवतो. पण नाचणीचे बुडखे मेंढीने खाल्ले, तिच्या लेंड्या मातीत मिसळल्या आणि त्या मातीतून पुन्हा नाचणी आली, हाही एक यज्ञच झाला. यात टाकून द्यायचे असे काही उरले नाही. एकाचे उरलेले दुसऱ्याचे जेवण झाले.

मेंढी काय ठेवून जाते?

श्रद्धेच्या जोडीला ज्ञानही हवे. म्हणून कृषिशास्त्र काय सांगते तेही जाणून घ्या. शेळ्या-मेंढ्यांच्या खतात सरासरी ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असते. साध्या शेणखतापेक्षा हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. गोठ्यातल्या लेंड्या झाडून शेतात नेऊन टाकल्या, तर मूत्र गोठ्यातच वाया जाते. मेंढ्या शेतातच बसवल्या, तर मूत्र आणि लेंड्या दोन्ही जागच्या जागी मातीला मिळतात. वाहतुकीचा खर्च नाही, टोपल्या वाहायच्या नाहीत. नंतर वरच्यावर एक कुळवाची पाळी दिली की काम झाले. शिवाय सगळे खत एकाच पिकात संपत नाही. लेंडी हळूहळू कुजते आणि पुढच्या पिकालाही देत राहते.

यातून साधकाने काय घ्यायचे? मेंढी काही दान करायला म्हणून आलेली नसते. ती खाते, बसते, रवंथ करते, झोपते. तिच्या असण्यातूनच जमीन समृद्ध होते. "मी सेवा केली" ही पावती तिच्याजवळ नसते. आपण मात्र चार माणसांना जेवण वाढले तरी त्याचा फोटो काढतो. सेवा जेव्हा स्वभाव होते, तेव्हा तिची आठवणही राहत नाही. पाहुणा ज्या घरात येऊन गेला, ते घर त्याच्या येण्याने थोडे अधिक सुपीक झाले पाहिजे. तुम्ही कुठेही जा, ऑफिसात, नातेवाईकांकडे, प्रवासात. तिथून निघताना एवढेच पाहा, की आपण मागे काय ठेवून चाललो आहोत.

खंडोबाने मेंढ्या राखल्या

जेजुरीच्या खंडोबाची कथा तुम्ही ऐकली असेल. म्हाळसेबरोबर सारीपाटाचा डाव मांडला, देव हरला आणि बारा वर्षांसाठी घराबाहेर पडला. वेष पालटून तो मालेगावजवळच्या चंदनपुरीला गेला. तिथे बाणाईच्या वडिलांच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला. जगाचा मालक दुसऱ्याच्या मेंढ्या राखू लागला. पुढे बाणाई त्याची पत्नी झाली. जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर आजही बाणाईचे देऊळ लागते. धनगर बांधव तिथे थांबूनच वर जातात.

या कथेकडे जरा वेगळ्या बाजूने पाहा. बारा वर्षे देव कळपामागे हिंडला. म्हणजे किती शेतांच्या बांधांवर तो उभा राहिला असेल! किती जणांनी त्याला "ये, बस" म्हटले असेल आणि किती जणांनी "चल, पुढे हो" म्हणून हाकलले असेल! ज्यांनी हाकलले, त्यांच्यातले कितीतरी जण चंपाषष्ठीला जेजुरीला जाऊन भंडाराही उधळत असतील. देव तोच, पण घोंगडी पांघरून आला म्हणून ओळखू आला नाही.

अतिथीला देव मानावे, हे तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला सांगितले आहे. शिकायला आलेल्या पहिल्या दिवशी सांगितलेले नाही. एवढे सगळे शिकल्यावर तरी हे जमेल, अशी त्या ऋषींना आशा असावी. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. ज्याला आपण आमंत्रण देतो तो पाहुणा ओळखीचा असतो. बांधावर येऊन उभा राहतो, तो अतिथी. खरी परीक्षा त्याच्यापाशी होते.

नाचणी आणि तांदूळ

कर्नाटकातील संत कनकदास कुरुब समाजातले. कागिनेलेच्या केशवाचे ते भक्त. त्यांचे 'रामधान्यचरिते' नावाचे काव्य आहे. त्यातली गोष्ट अशी: लंकेहून परतताना रामाचा मोठा पाहुणचार होतो आणि श्रेष्ठ धान्य कोणते, यावर वाद उभा राहतो. तांदूळ म्हणतो मी, नाचणी म्हणते मी. तांदूळ यज्ञात, लग्नात, राजाच्या ताटात मानाने बसणारा. नाचणी गरिबाच्या घरची. राम दोघांनाही सहा महिने कोठडीत ठेवायला सांगतात. सहा महिन्यांनी बाहेर काढले तेव्हा तांदळाचा कस गेलेला असतो आणि नाचणी होती तशीच टणक असते. राम तिला मान देतात आणि आपले राघव हे नाव तिला देतात.

मेंढपाळांच्या समाजातल्या एका संताने ही गोष्ट लिहिली, हे लक्षात घ्या. धान्याच्या नावाने ते माणसांविषयीच बोलत होते. उडुपीला देवळाच्या मागच्या बाजूची 'कनकाची खिडकी' आजही दाखवतात. कनकदासांना आत घेतले नाही, म्हणून कृष्णाने स्वतः त्यांच्याकडे तोंड फिरवले, असे परंपरा सांगते. माणसांनी दार बंद केले, तेव्हा देवाने भिंतीतून वाट काढली.

म्हणून शेतात मेंढ्या बसवून घेताना मेंढपाळाला हातभर लांबून पाणी ओतू नका. त्याला वेगळा पेला ठेवू नका. त्याची मजुरी देताना उपकाराचा सूर लावू नका. खत घ्यायचे आणि खत आणणाऱ्याला कमी लेखायचे, असा व्यवहार जमिनीला चालेल, पण मनाला चालणार नाही. मन त्याने नापीक होते.

"पण गुरुजी, अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. उत्तर असे: भोळेपणा वेगळा आणि विश्वास वेगळा. विश्वासाबरोबर विवेक असला, की भीतीला काम उरत नाही. त्यासाठी काही साध्या गोष्टी करा.

बोलणे आधी करा. किती रात्री, किती मेंढ्या, किती धान्य किंवा किती पैसे, हे पहिल्या संध्याकाळीच ठरवा आणि नंतर घासाघीस करू नका. धनगर कळप खंडीत मोजतात. वीस मेंढ्यांची एक खंडी. त्यांच्या मोजणीत बोललात, तर त्यांनाही बरे वाटेल.

हद्द स्वतः फिरून दाखवा. शेजाऱ्याचे उभे पीक कुठे आहे ते सांगा आणि शेजाऱ्यालाही कळप येणार असल्याचे कळवा. गैरसमज बहुतेक वेळा न बोलल्यामुळे होतात.

खरे सांगा. हे सर्वांत महत्त्वाचे. शेतात किंवा बांधावर नुकतेच कीटकनाशक, तणनाशक फवारले असेल, तर लपवू नका. कोवळी किंवा पाण्यावाचून सुकलेली ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते आणि बघता बघता जनावर मरते. ते फुटवे शेतात असतील तर आधीच सांगा. तुमच्या एका न बोललेल्या वाक्याने एखाद्याचा सगळा संसार आडवा होऊ शकतो. अहिंसा म्हणजे नुसते न मारणे एवढेच नव्हे. जे माहीत आहे ते वेळेवर सांगणे, हीसुद्धा अहिंसाच आहे.

पाण्याची सोय करा. माणसांना प्यायला, मेंढ्यांना प्यायला. बायकांना आंघोळीला आणि विधीला आडोशाची जागा दाखवा. तुमच्या घरातल्या बाईने जाऊन "काही लागले तर सांग गं" असे म्हटले, तर त्या बाईची निम्मी धास्ती जाईल. रात्री अनोळखी रानात कोकरांजवळ, लेकरांजवळ ती झोपणार असते.

आणि आभाळ पाहा. २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुणे आणि अहमदनगर भागात अवकाळी पाऊस आणि गारठा आला. उघड्यावर बसलेल्या मेंढ्या शेकड्यांनी दगावल्या. अशा रात्री तुमच्याकडे रिकामा गोठा, शेड, समाजमंदिर असेल आणि तुम्ही त्याचे कुलूप काढले, तर ती त्या वर्षीची तुमची सर्वांत मोठी पूजा असेल.

एवढे करूनही काही नुकसान होऊ शकते. एखादे आंब्याचे कलम मेंढ्या खातील. होऊ द्या. वर्षभरात तुमच्या स्वतःच्या रागाने केलेले नुकसान त्याहून मोठे असते, त्याचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

वाटा बंद होत आहेत

आज मेंढपाळाची वाट अवघड झाली आहे. पाणी आले, तशी शेते वर्षभर भरलेली राहू लागली. रासायनिक खताची गोणी दुकानात मिळते, मग कळपाची वाट कोण पाहणार? गायराने आणि माळ आक्रसले. बंगळुरूच्या जवळ हेसरघट्टासारखे गवताळ माळ आता मोजकेच उरले आहेत. रस्ते रुंद झाले, त्यावरून कळप नेताना ट्रक थांबत नाहीत. काही ठिकाणी तर उलटेच झाले आहे. चाऱ्यासाठी आता मेंढपाळच शेतकऱ्याला पैसे देतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागे ही जगभरची काळजी आहे.

जग काय करील ते करील. तुमच्या हातात तुमचे एक शेत आहे. तुमची दोन एकर जमीन वर्षातून चार रात्री उघडी राहिली, तर कुणाची तरी वाट तेवढी शिल्लक राहील. गावाकडची शेती तुम्ही वाट्याने दिली असेल, तर पुढच्या फोनमध्ये वाटेकऱ्याला एवढे विचारा, "यंदा आपल्या शेतात मेंढ्या बसवल्या का?"

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी काय करायचे?

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, "आम्ही बंगळुरूत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे कुंडीतली तुळस एवढीच शेती."

गीतेचा तेरावा अध्याय उघडून पाहा. तिथे शरीरालाच शेत म्हटले आहे आणि त्या शेताला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. म्हणजे शेत प्रत्येकाकडे आहे, सातबारा असो वा नसो. आणि त्या शेतात रोज कळप येतात. विचारांचे, आठवणींचे, चिंतांचे. तुम्ही काय करता? एकेका मेंढीच्या मागे काठी घेऊन धावता. एकीला हाकलता, तोवर दहा आत येतात. दमून जाता आणि म्हणता, माझे ध्यान लागत नाही.

मेंढपाळाकडून शिका. तो संध्याकाळी मेंढ्यांना बसवतो. प्रत्येकीला धरून खाली दाबत नाही. जागा देतो, भोवती वाघूर लावतो आणि स्वतः कडेला घोंगडी टाकून जागा राहतो. थोड्या वेळाने कळप आपोआप बसतो आणि रवंथ करू लागतो.

आज रात्री हे करून पाहा. झोपण्यापूर्वी वीस मिनिटे डोळे मिटून बसा. पाठ ताठ, खांदे सैल. दोन-चार लांब श्वास घ्या आणि सोडा. मग विचारांना म्हणा, "या, बसा." कोणताही विचार मोजू नका, हाकलू नका, त्याच्या मागे रानात जाऊ नका. श्वास हे तुमचे वाघूर. तुम्ही फक्त कडेला जागे राहा. सकाळी कळप निघून जाईल. जो राग आला आणि गेला, जे दुःख आले आणि गेले, त्याला तुम्ही जागा दिलीत, पण मालकी दिली नाहीत, तर तेही जाताना खत ठेवून जाईल. त्याच मातीत समज आणि करुणा उगवते. दार लावून घेतलेत, तर बाहेर गोंधळ आणि आत ओसाड माती, एवढेच उरेल.

आणि बाहेरचे शेतही विसरू नका. तुमच्या इमारतीच्या फाटकाशी कुरियरचा मुलगा उन्हात उभा असतो, त्याला पाणी विचारा. घरकाम करणाऱ्या ताईंना क्षणभर पंख्याखाली बसू द्या. गावाकडून आलेल्या नातेवाइकाच्या मुलाला नोकरी लागेपर्यंत घरात जागा द्या. ही सगळी वाटेवरची माणसे आहेत. आपणही तसेच आहोत. या पृथ्वीवर कुणाचाही कायमचा मुक्काम नाही. जमिनीच्या उताऱ्यावर नाव आपले असते, पण त्या जमिनीने आपल्यासारखे किती मालक पाहिले आणि निरोप दिले, याची नोंद कुठल्याच उताऱ्यात मिळत नाही. तीच आपली खरी यजमान आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बांधावर कुणी येऊन उभे राहिले, तर मनात आधी काय येते ते पाहा. भीती आली तर येऊ द्या, तीही एक मेंढीच आहे, बसेल. मग पुढे व्हा आणि म्हणा, "या दादा. पाणी घ्या आधी. मग बोलू."